बढती कोणाला, आणि कशाबद्दल ?

मेंढीकोट खेळावयास बसलेल्या मंडळींत पहिला वाद पत्ते वांटण्यापूर्वींच होतो. हुकूम बंद ठेवावयाचा, कीं हातांत रंग नसेल तेव्हां जें पान पडेल तो हुकूम धरावयाचा, हा तो वाद होय. पाहुणा आपल्या गांवची रीत सांगतो, यजमान आपल्या घरची सांगतो, आणि शेवटीं ज्याच्या ओटीवर डाव मांडला असेल त्याचें चालतें. गल्लींतील क्रिकेटचीही तीच गोष्ट. एक टप्पा पडलेला चेंडू एका हातानें झेलला तर गडी बाद, हा कायदा कोणत्याही छापील नियमावलींत सांपडावयाचा नाहीं. तथापि तो मोडण्याची छाती आमच्या गल्लींत अद्याप कोणास झालेली नाहीं. अशाच एका घरगुती कायद्याविषयीं आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. खेळ मात्र निराळा आहे, आणि त्याच्या कायद्यापायीं एक विद्यार्थी आम्ही जवळजवळ गमावून बसलों होतों.

गेलीं तीन वर्षें शनिवारची शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या खोलींत सहासात विद्यार्थी-विद्यार्थिनी एका लांब टेबलाभोंवतीं बसतात, आणि आम्ही खिडकीजवळ वह्या तपाशीत बसतों. कागद, पेन्सिली आणि चमत्कारिक आकाराचे फांसे यांखेरीज टेबलावर कांहीं नसतें. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी कुलुपें उघडणारा चोर. सूत्रधार सांगतो, “भुयाराचें तोंड अरुंद आहे, आणि आंतून धूर येत आहे.” मग ज्यानें त्यानें आपल्या पात्रानें काय केलें तें सांगावयाचें. यश येईल कीं नाहीं याचा जेथें संशय असेल तेथें वीस पैलूंचा फांसा टाकतात. या जातीच्या खेळांस रोल-प्लेइंग गेम म्हणतात, व त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जो डन्जन्स अँड ड्रॅगन्स, तो आमच्या टेबलावर चालतो. अनेक पालकांनीं आम्हांस विचारिलें आहे कीं, “आमचे चिरंजीव घरीं येऊन ‘आज मी पांचव्या पायरीवर चढलों’ असें सांगतात; ही पायरी कसली ?” प्रश्न योग्य आहे. किंबहुना सगळ्या खेळाची मेख तेथेंच आहे.

हा खेळ छापून निघाला १९७४ सालीं. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन संस्थानांतील लेक जिनीव्हा या गांवचे गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटा संस्थानांतील डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. पहिली आवृत्ति एक हजार प्रतींची होती. त्यापूर्वीं ही मंडळी शिशाच्या शिपायांच्या पलटणी टेबलावर मांडून लुटुपुटीच्या लढाया खेळत असे. अशा लढाईंत संध्याकाळीं डाव संपला कीं मेलेले व जगलेले सर्वच शिपाई पेटींत जात, आणि पुढच्या खेपेस पुन्हां कोरी सुरुवात होई. नव्या खेळांत खेळणारा पलटणीचा सेनापति न राहतां एकाच शिपायाच्या अंगांत शिरला, आणि तो शिपाई पेटींत परत गेला नाहीं. आज जें सोसलें व मिळविलें तें पुढील आठवड्यास त्याच्याजवळ शिल्लक राहूं लागलें. त्याचा हिशेब ठेवण्यासाठीं अनुभवगुण आले. ठराविक गुण सांठले म्हणजे पात्र एक पायरी वर चढतें. त्याला अधिक घाव सोसतां येतात, मांत्रिक असल्यास नवे मंत्र येऊं लागतात. हीच ती बढती.

आतां हे गुण कशाबद्दल द्यावयाचे ? येथें पुस्तकें आवृत्तिगणिक बदलत गेलीं आहेत, आणि बहुतेक प्रत्येक टेबलानें पुस्तकांत स्वतःची भर घातली आहे. जुन्या नियमांत मोठा वांटा सोन्याचा असे. भुयारांतून एक सुवर्णनाणें सुखरूप बाहेर आणलें कीं एक गुण. १९८१ च्या आवृत्तींत योद्ध्यास दुसऱ्या पायरीसाठीं २००० गुण लागत, आणि ऑर्क नांवाचा एक साधा राक्षस मारला तर मिळत १०, तेही सर्वांत वांटून. म्हणजे एकट्यानें दोनशें ऑर्क कापावे, किंवा एक भरलेली पेटी गुपचूप उचलून आणावी. शहाणा खेळाडू काय करील हें सांगावयास नको.

पहिल्या वर्षीं आमचा सूत्रधार दहावींतील एक वाचनवेडा विद्यार्थी होता. त्यानें हा जुना सोन्याचा नियम आमच्यापुढें मांडला, आणि आम्हीं तो तत्काळ नाकारला. द्रव्यलोभास गुण देणें शाळेच्या खोलींत शोभणार नाहीं, असें आम्हीं मोठ्या गांभीर्यानें सांगितलें. आमच्याजवळचें पुस्तक २०१४ च्या आवृत्तीचें. त्यांत सोन्याबद्दल गुण नाहींत, शत्रूवर मात केल्याबद्दल आहेत. गॉब्लिन नांवाच्या ठेंगण्या राक्षसाचे ५०, आणि दुसऱ्या पायरीस लागतात ३००. आम्ही समाधानानें वह्यांकडे वळलों. तिसऱ्याच शनिवारीं काय ऐकूं यावें ? चार गॉब्लिनांनीं शस्त्रें टाकून हात जोडले होते, आणि सातवींतील एक अत्यंत सालस मुलगी, जी वर्गांत झुरळ मारूं देत नाहीं, ती शांतपणें म्हणत होती, “जिवंत सोडले तर दोनशें गुण बुडतील.” शत्रूस न मारतां काम साधलें तरी गुण देण्याची मुभा सूत्रधारास आहे, हें खरें, परंतु मुलांनीं कोष्टक पाहिलें होतें, आणि कोष्टकांत राक्षसाच्या नांवापुढें आंकडा होता. लोभ दाराबाहेर ठेवण्याच्या भरांत आम्हीं कत्तल आंत घेतली होती.

मग हार खाऊन आम्हीं सोन्याचा नियम लावून पाहिला. त्याचा परिणाम असा झाला कीं पुढें कित्येक आठवडे तलवारी म्यानांतच राहिल्या. मुलें दोर, कंदील व खडू घेऊन निघूं लागलीं. पहारेकऱ्यांशीं घासाघीस करूं लागलीं. भुयारांचे नकाशे काढूं लागलीं. एवढें चातुर्य आम्हीं भूमितीच्या तासाला कधीं पाहिलें नव्हतें. पण त्याच मुलांना सूत्रधारानें एका गांवचें लहान मूल विहिरींत पडल्याचें सांगितलें, तेव्हां पहिला प्रश्न आला तो असा कीं, विहिरींत आणखी कांहीं आहे काय ?

१९७८ सालीं निघालेल्या रूनक्वेस्ट या खेळांत पायऱ्याच नाहींत. पात्रानें जें कसब यशस्वी रीतीनें वापरलें असेल त्यापुढें खूण करावयाची, आणि मागाहून फांसे टाकून आपल्या चालू आंकड्यापेक्षां जास्त पडलें तर तें कसब वाढवावयाचें. म्हणजे नवशिक्याची प्रगति झपाट्यानें व्हावी आणि तरबेजाची मोठ्या कष्टानें. हें वाचून आम्ही फारच खूष झालों, कारण शिकविण्याचा धंदा करणाऱ्या कोणासही तें पटण्यासारखें आहे. ही खुणेची रीत आम्हीं आमच्या खेळांत थोडे दिवस घुसडली. तेव्हां एका गृहस्थानें एकाच लढाईंत प्रथम तलवार, मग कुऱ्हाड, मग भाला आणि अखेर स्वयंपाकघरांतील पळी घेऊन वार केले. प्रत्येक हत्यारापुढें खूण मिळते ना! नियम वाईट नव्हता. पण ज्या गोष्टीस मोल लागतें तीच गोष्ट मुलें करितात, आणि तीही मोल पदरांत पडेल इतकीच करितात, हें आम्हांस आतां तिसऱ्या वेळीं कळत होतें.

त्यानंतरची आमची चूक अधिक जुनी म्हणावी लागेल, कारण ती आमच्या धंद्याचीच आहे. जो आपलें पात्र उत्तम वठवील त्यास सूत्रधारानें जादा गुण द्यावे, असें आम्हीं ठरविलें. याला आधार होता. गायगॅक्स यांनींच १९७९ च्या सूत्रधाराच्या ग्रंथांत अशी योजना दिली आहे कीं, प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीस चार प्रतींपैकीं एक प्रत द्यावी, आणि तीवरून पुढील पायरीचें शिक्षण एका आठवड्यांत उरकेल कीं चार लागतील तें ठरवावें. त्या शिक्षणाची फी अर्थात् सोन्याच्या नाण्यांत. हें वाचून आम्हांस आपल्याच शाळेंत आल्यासारखें वाटलें. झालें असें कीं, वक्तृत्वस्पर्धेंत दरसाल ढाल मिळविणारा जो विद्यार्थी, त्यानें सगळे गुण नेले. जिच्या नकाशामुळें ही सगळी मंडळी एकदांही वाट चुकली नाहीं ती मुलगी टेबलाच्या टोंकास बसून रेघा आंखीत होती. तिला महिनाभर एकही जादा गुण मिळाला नाहीं. तिनें तक्रार केली नाहीं. अशीं मुलें तक्रार करीत नसतात. बोलणारा आणखी बोलूं लागला, आणि पंधरा वर्षांच्या सूत्रधारावर बांकावरच्या मित्राची भर केल्याचा आरोप आला. परीक्षकाचें जिणें काय असतें हें त्याला त्या दिवशीं समजलें, एवढें समाधान मात्र आम्हीं मनांतल्या मनांत करून घेतलें.

दुसऱ्या वर्षाच्या आरंभीं या सर्व कटकटींस विटून आम्हीं एक सोपा, स्वच्छ व निःपक्षपाती नियम केला. जो विद्यार्थी चार शनिवार हजर राहील त्याचें पात्र एक पायरी चढेल. गुण नाहींत, कोष्टक नाहीं, वशिला नाहीं. हजेरीपट आम्ही स्वतः ठेवणार. पात्र मेलें तर नवें पात्र पहिल्या पायरीपासून, हेंही त्यांतच आलें. आम्हांस तो नियम इतका आवडला कीं आम्हीं तो फळ्याच्या कोपऱ्यांत रंगीत खडूनें लिहून ठेविला.

त्याच वर्षीं आठवींतील एक विद्यार्थी टेबलावर येऊं लागला. त्याच्या वडिलांचें आठवड्याच्या बाजारांत कांद्याबटाट्यांचें दुकान लागतें, आणि बाजार शनिवारचा. एका शनिवारीं थोरला भाऊ तराजूशीं बसे, एका शनिवारीं हा. त्यानें चोराचें पात्र घेतलें होतें, व तें तो फार मजेनें वठवीत असे. कुलूप उघडतांना तो खरोखरच श्वास रोखून धरी. जूनच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत सोळा शनिवार झाले. बाकीचे पांचव्या पायरीवर पोंचले. हा आठच वेळां आलेला, तेव्हां हा तिसऱ्या. नियमाप्रमाणें यांत तिळमात्र अन्याय नव्हता.

आतां पांचवी पायरी म्हणजे या खेळांतील एक मोठा उंबरठा आहे. तेथें योद्धा एका पाळींत दोन वार करूं लागतो, आणि मांत्रिकास अग्निगोळ्याचा मंत्र येतो. मित्राला जें येतें तें शत्रूलाही येतें. सूत्रधारानें टेबलावरील बहुतेकांस तोलेल असा एक दुष्ट मांत्रिक पुढें आणला, आणि त्यानें अग्निगोळा टाकला. त्याचे सहा पैलूंचे आठ फांसे पडतात, सरासरी २८. आमच्या योद्ध्याची सोसण्याची ताकद ४४ होती. तो भाजला, पण उभा राहिला. चोराची होती २१. स्वतःचा फांसा चांगला पडता तर निम्म्यावर निभावलें असतें. तो पडला नाहीं. सोबती लढाईंत गुंतलेले होते, त्याच्यापर्यंत वेळेवर कोणी पोंचलें नाहीं, आणि चोर मेला. मुलानें पात्राचा कागद चार घड्या करून खिशांत घातला, आमच्याकडून घेतलेले फांसे मोजून डब्यांत ठेविले, “येतों सर” म्हणाला आणि गेला. पुढचा शनिवार भावाचा होता. तरी तो आला नाहीं. त्याच्या पुढच्या मोकळ्या शनिवारींही आला नाहीं. त्याच्या एका वर्गबंधूला आम्हीं विचारिलें तेव्हां तो म्हणाला, “तो म्हणतो, तिथें मी नुसता बघायलाच असतों.”

हें वाक्य ऐकल्यावर आम्ही दिवाळीच्या सुटींत जुनें कोष्टक पुढें घेऊन बसलों. ज्या विद्यार्थ्यांस गणिताची गोडी आहे त्यांनीं आमच्याबरोबर ताडून पाहावें. १९८१ च्या पुस्तकांत योद्ध्यास दुसऱ्या पायरीस २०००, तिसरीस ४०००, चौथीस ८०००, पांचवीस १६००० गुण लागतात. प्रत्येक आंकडा मागल्याच्या दुप्पट. समजा, एक मुलगा निम्मेच दिवस आला आणि त्याला निम्मेच गुण मिळाले. इतरांचे १६००० झाले तेव्हां याचे ८०००. ते पांचव्या पायरीवर, हा चौथ्या. इतरांचे ८००० होते तेव्हां याचे ४०००. ते चौथ्या, हा तिसऱ्या. केव्हांही पाहा, तो एकच पायरी मागें. एवढेंच नव्हे, एखादा अगदीं शून्यापासून नवा आला आणि इतर ८००० पासून १६००० पर्यंत जाईतों त्यांच्याबरोबर सारखा वांटा घेत राहिला, तर तेवढ्यांत तोही चौथ्या पायरीवर येऊन ठेपतो. २०१४ च्या कोष्टकांत आंकडे निराळे आहेत, तरी पांचवीस ६५०० व चौथीस २७०० असल्यामुळें निम्मे दिवस येणारा ३२५० गुणांनिशीं चौथीवर असतो.

आणि आमचा सोपा, स्वच्छ नियम ? त्यांत सोळा शनिवारांनंतर दोन पायऱ्यांचें अंतर पडतें, बत्तीस शनिवारांनंतर चारांचें, आणि तें असेंच वाढत जातें. मोठमोठे आंकडे केवळ प्रगति लांबविण्यासाठीं असतात, मुलांना गुणाकाराचा त्रास कशाला, असें मानून आम्हीं कोष्टक पुसलें होतें. पुढें गेलेल्यास सावकाश चालवून मागल्याची वाट पाहण्याचें कामही तेंच कोष्टक गुपचूप करीत होतें. कर्त्यांच्या मनांत हें होतें कीं नव्हतें, याचा वाद आम्ही घालीत नाहीं. कोष्टकांत तें आहे, आणि आम्हीं तें न वाचतां खोडलें. घरगुती कायदे करणाऱ्या प्रत्येकानें, मग तो खेळाचा असो वा वसतिगृहाच्या जेवणाच्या वेळेचा, एखादा नियम काढण्यापूर्वीं तो आपल्या नकळत कोणकोणतीं कामें करीत होता तें शोधून काढावें, असें आमचें आतां ठाम मत झालें आहे.

सुटीनंतर आम्हीं टेबलासमोर नवा प्रस्ताव ठेविला. सर्व पात्रें नेहमीं एकाच पायरीवर असावीं. कथेंतील एखादें मोठें काम पार पडलें कीं सर्वांनीं मिळून एक पायरी चढावें. गैरहजर असेल त्याचेंही पात्र चढावें. आणि कोणी मेला तर त्याचें नवें पात्र इतरांच्याच पायरीवर यावें. २०१४ च्या पुस्तकास असें करणें मान्य आहे. परंतु त्याच पुस्तकांत असेंही म्हटलें आहे कीं, गैरहजर खेळाडूस सामान्यतः गुण मिळत नाहींत, आणि दोनतीन पायऱ्यांच्या फरकानें कोणाच्या खेळाचा विरस होत नाहीं. बरोबरीनें राहण्याच्या इच्छेनें लोक नियमित येतात, हाही एक लाभ. येथें आमचा पुस्तकाशीं मतभेद आहे. प्रौढ माणसें आपापली सवड पाहून येतात. त्यांच्यापुरतें तें खरें असेल. मुलाचा शनिवार मुलाच्या मालकीचा नसतो. कोणाचा बाजाराच्या मालकीचा, कोणाचा धाकट्या भावंडांच्या, कोणाचा शिकवणीच्या. जो दिवस त्याचा नव्हे, त्याबद्दल त्याच्या पात्रास दंड कां ?

या प्रस्तावास विरोध झाला, आणि तो आळशांनीं केला नाहीं. गॉब्लिनांचे दोनशें गुण मोजणारी जी मुलगी, तिनें दोन वर्षांत एकही शनिवार चुकविला नव्हता. एकदां तर ती अंगांत कणकण असतांना आली होती. ती म्हणाली, “सर, मग मी रोज आलें त्याचें काय ?” आम्ही म्हणालों, “तुला सोळा शनिवार मिळाले.” त्यावर ती म्हणाली, “ते मला आवडतात म्हणून मी येतेंच. पण वर्गांत न येणाऱ्याला तुम्हीं वरच्या इयत्तेंत घातलें असतें का ?” या प्रश्नास आमच्याजवळ त्या दिवशीं उत्तर नव्हतें, आणि आम्हीं तसें कबूल केलें.

पुढें विचार करितां आम्हांस जें वाटलें तें असें. न शिकलेल्या मुलास वरच्या इयत्तेंत ढकलणें त्याच्याच हिताचें नाहीं, कारण वरच्या इयत्तेचा अभ्यास खालच्या अभ्यासावर उभारलेला असतो. अपूर्णांक न येणाऱ्यास बीजगणित देऊन आम्ही त्याचा घात करूं. खेळांतील पायरीखालीं असा कोणताही पाया नाहीं. पांचव्या पायरीचें पात्र चालविण्यास जें समजावें लागतें तें शेजारचा गडी दहा मिनिटांत समजावून देतो. पायरी केलेल्या कामाचें बक्षीस आहे असें आपण समजतों. वस्तुतः पुढील शनिवारीं समोर जो शत्रु येणार त्याच्यासमोर उभें राहण्याची ती परवानगी आहे. बक्षीस कमीजास्त देतां येतें. परवानगी कमी दिली तर मूल टेबलावर बसलेलें दिसतें, पण खेळांत नसतें.

जे नियमित येतात त्यांस कांहींच नसावें, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. त्यांना कथा मिळते. पुलावरच्या लढाईंत जो हजर होता त्याच्या पात्रास त्या गांवचे लोक नांवानें ओळखतात, आणि तेथें त्याला जेवणाचे पैसे पडत नाहींत. ज्या मुलीनें राणीला दिलेला शब्द पाळला तिला राणी भेटीस बोलावते. हीं बक्षिसें खरीं आहेत, आणि त्यांच्यापायीं अग्निगोळ्यांत कोणी मरत नाहीं. १९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळांत तर पात्र आरंभींच पलटणींत वा आरमारांत नोकरी करून आलेलें असतें आणि पुढें त्याला पायऱ्या म्हणून नसतातच. तरीही लोक तो आवडीनें खेळत आले आहेत. २०१२ च्या डन्जन वर्ल्डमध्यें फांसा वाईट पडून बेत फसला कीं एक गुण मिळतो. ही कल्पना आम्हांस अतिशय प्रिय आहे. परंतु आमच्या नव्या नियमांत व्यक्तिशः गुणच उरले नसल्यामुळें ती वापरतां येत नाहीं, याचें थोडें वाईट वाटतें.

पालकांपैकीं एका सद्गृहस्थांनीं सभेंत सुचविलें कीं, घटक चाचणींत अमुक गुण मिळाल्यास पात्रास एक पायरी द्यावी, म्हणजे खेळाच्या ओढीनें अभ्यास होईल. सूचना सद्हेतूची आहे, आणि ऐकतांक्षणीं आम्हांसही मोह पडला होता. तरी आम्ही ती स्वीकारणार नाहीं. पळीनें लढणाऱ्या गृहस्थाची हकीगत वर आलीच आहे; मोल लावल्यावर अभ्यासाचेंही तेंच होईल. शिवाय टेबलावर ज्याचें म्हणणें सर्वजण सर्वांत आधीं ऐकतात तो मुलगा गणितांत जेमतेम उत्तीर्ण होतो. शाळेंत पहिला-दुसरा-तिसरा लावण्यास आम्हांस आणखी पुष्कळ खोल्या आहेत. चित्रकलेची खोली शनिवारीं दुपारीं तेवढी सोडावी. दुसऱ्या एका मातोश्रींनीं याच्या उलट, घरीं ऐकलें नाहीं तर पायरी उतरवावी, अशी मागणी केली. जुन्या पुस्तकांत स्पर्शानें पात्राची पायरी शोषून घेणारीं पिशाच्चें होतीं, व मुलें त्यांना अजगरापेक्षांही अधिक भीत असत. तें काम आईबापांनीं अंगावर घेऊं नये, अशी आमची नम्र विनंति आहे.

प्रस्ताव चार विरुद्ध दोन मतांनीं संमत झाला. बाजाराच्या मुलाला आम्हीं स्वतः जाऊन सांगितलें नाहीं. त्याच्या वर्गबंधूनें सांगितलें, आणि दोन आठवड्यांनीं तो आला. त्याचें नवें पात्र आतां इतरांबरोबर सातव्या पायरीवर आहे. तो अजूनही एक शनिवार सोडूनच येतो. सोमवारीं मधल्या सुटींत नकाशावाली मुलगी त्याला आपली वही उघडून शनिवारीं काय झालें तें दाखविते, आणि तिचें बोलणें आम्हांस ऐकूं येतें तें एवढ्याच वेळीं.

पुढील वर्षीं सूत्रधार व्हावयाची पाळी विरोध करणाऱ्या मुलीची आहे. आपण हा नियम बदलणार, असें तिनें आम्हांस आतांच बजावून ठेविलें आहे. टेबल तिचें, तेव्हां अधिकारही तिचाच. नवा नियम काय असेल तो असो, त्यानें सोळा शनिवार येणारा आणि आठ शनिवार येणारा हे दोघे कोठें पोंचतात तें आधीं दोन रकान्यांत मांडून आणावें, इतकीच अट आम्हीं घातली. तिनें आमच्याकडून आलेखाचा एक कागद मागून नेला आहे.